ईर्षा हवी, मत्सर नको

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात व विद्यार्थी-गुणगौरव समारंभात जामनेर येथे केलेले भाषण)



मंडळाने आज आम्हांस बोलावयास उभे केले, हा आपला लोभ होय. आम्ही कोणी विद्वान नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण, एवढीच आमची शिदोरी. या तालुक्यातील निरनिराळ्या गावच्या प्राथमिक शाळांतून आयुष्य गेले. वर्गात जेवढी वर्षे काढली, त्याहून अधिक काळ मैदानाच्या चुनखडीच्या रेघांवर काढला, असे आमची मंडळी थट्टेने म्हणतात. तेव्हा पुस्तकी विषयाऐवजी मैदानावरचाच विषय घ्यावा, असे ठरविले.

आजच्या समारंभात आतापर्यंत अनेक विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. प्रत्येकाच्या नावापुढे टक्के वाचले गेले. ते ऐकून आम्हांसही संतोष वाटला. परंतु टाळ्या चालू असता आमचे लक्ष मागच्या रांगेतील काही मुलांकडे गेले. शेजाऱ्याचे नाव पुकारले की त्यांची मान खाली जात होती. त्या मानेचा अर्थ आम्ही पुष्कळ वर्षे वाचीत आलो आहोत. काही मुले मनात म्हणत असतात, "पुढल्या वर्षी मी तेथे उभा राहीन." काही म्हणत असतात, "हा तेथे नसता तर बरे झाले असते." पहिलीस ईर्षा म्हणावे, दुसरीस मत्सर. दोहोंचा जन्म एकाच ठिकाणी होतो, पण वाटा अगदी निराळ्या. पहिली मुलास पहाटे उठविते. दुसरी रात्री झोपू देत नाही.

अलीकडे स्पर्धा हा शब्द फार झाला. घराघरांतून मुलांच्या कानी तोच पडतो. काही सज्जन उलट सांगतात, की मुलांस स्पर्धेपासून दूरच ठेवा, स्पर्धेने मने कोती होतात. आम्हांस दोन्ही मते एकांगी वाटतात. जिंकण्याची इच्छा नसलेला गडी संघाच्या उपयोगी नाही. आणि सोबत्याची किंमत न जाणणारा गडी, कितीही चपळ असो, अखेर संघास बुडवितो. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नसून सख्ख्या बहिणी आहेत, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ईर्षेविषयी. आम्ही विद्यार्थी असता सामन्यांसाठी पाचोऱ्यास जात असू. जाणेयेणे अरुंद मापाच्या पाचोरा-जामनेर आगगाडीने. ती गाडी २०२० साली बंद पडली. आजच्या मुलांनी तिची गंमत पाहिली नाही. आमचे गुरुजी शिस्तीचे. एकदा हुतुतूचा सामना आम्ही वाईट रीतीने हरलो. गाडीत बसताच एकमेकांवर खापर फोडणे सुरू झाले. हा पाय घसरला म्हणून, तो वेळेवर धरावयास आला नाही म्हणून. गुरुजींनी सर्वांस थांबविले व म्हणाले, "शेंदुर्णी येईपर्यंत कोणी बोलावयाचे नाही. शेंदुर्णीनंतर प्रत्येकाने एकच चूक सांगावयाची. परंतु ती स्वतःची."

शेंदुर्णीपर्यंतचा तो रस्ता आम्हांस फार लांब वाटला. पुढे पहूर येईपर्यंत सातही जणांच्या चुका सांगून झाल्या होत्या. जामनेरास उतरलो तेव्हा रुसवा कोणाचाच उरला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी काय सुधारावयाचे याची यादी मात्र तयार होती. स्पर्धावृत्ती कशी घडते, असे कोणी विचारले तर आम्ही ही गोष्ट सांगतो. पराभवाचे कारण प्रथम स्वतःत शोधणे, आणि शोधून झाल्यावर रडत न बसता सरावास लागणे, ही तिची पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे कालच्या आपणाशी आजची स्पर्धा. शिक्षक झाल्यावर आम्ही धावण्याच्या सरावात एक रीत पाडली. कोण पहिला आला हे रोज पुकारावयाचे नाही; प्रत्येकाची वेळ घड्याळात पाहून त्याच्या नावापुढे खडूने लिहावयाची. वर्गात नेहमी शेवटी येणारा मुलगा स्वतःची कालची वेळ मोडून दाखवी, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज दिसे ते पहिल्या आलेल्याच्या चेहऱ्यावरही क्वचितच दिसे. कारण पहिला येणारा एकच असतो, परंतु कालच्याहून पुढे जाणे सर्वांस साध्य असते.

तिसरी पायरी प्रतिस्पर्ध्याविषयीची. तो आपला शत्रू नव्हे. तो आपली सहाण आहे. त्यावर घासल्यावाचून धार येत नाही. याचे मोठे उदाहरण आपल्याच मातीतल्या खेळाचे आहे. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० साली बीजिंग येथे कबड्डीचा समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१८ साली जाकार्ता येथे इराणने उपान्त्य सामन्यात आपल्या पुरुष संघास हरविले, आणि अंतिम सामन्यात आपल्या महिला संघासही. अनेकांस ती मानहानी वाटली. गंमत अशी, की इराणच्या त्या विजयी महिला संघाच्या प्रशिक्षिका आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या. मराठी बाईने परक्या देशाच्या मुलींस आपला खेळ इतका उत्तम शिकविला, की त्यांनी आपणांसच हरविले! काहींनी यावर नाके मुरडली. आम्हांस मात्र तीत गुरूचा विजय दिसला, आणि आपल्या खेळाचाही. कारण ज्या खेळात हरण्याचे भयच नाही, तो खेळ वाढत नाही.

पुढे काय झाले? चीनमधील हांगझोऊ येथे, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या महिलांनी चिनी तैपेईचा २६-२५ असा अवघ्या एका गुणाने पराभव केला. आणि पुरुषांनी त्याच इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक परत आणले. पुरुषांच्या सामन्यात दोन्ही संघांचे गुण समान असता एका निर्णयावरून मोठा वाद झाला व खेळ बराच वेळ थांबून राहिला. अशा वेळी ज्याचे चित्त ढळत नाही, तो खरा ईर्षेचा गडी. ओरडणे म्हणजे ईर्षा नव्हे. वाद मिटल्यावर पुढची चढाई शांतपणे करता येणे म्हणजे ईर्षा.

आता साथीविषयी. साथ म्हणजे काय, हे मुलांस समजाविण्यास आम्हांस कधी व्याख्यानाची गरज पडली नाही. आपल्या देशी खेळांनीच ते काम केले आहे. कबड्डीचा नियम पाहा. गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो. त्याने कितीही आरडाओरडा केला तरी तो स्वतः आत येऊ शकत नाही. त्याचा सोबती प्रतिपक्षाचा गडी बाद करील तेव्हाच तो जिवंत होतो. आणि जे ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने आत येतात. म्हणजे मैदानावर आपला प्राण दुसऱ्याच्या हाती असतो, आणि दुसऱ्याचा आपल्या हाती. अनेक ग्रंथांनी जे सांगावे ते या एका नियमाने सांगितले आहे.

खो-खोची तऱ्हा त्याहून सूक्ष्म. रूढ खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी दोन खांबांमधल्या ओळीत बसतात, एकाचे तोंड या बाजूस तर शेजाऱ्याचे त्या बाजूस. नववा धावतो. बसलेल्या गड्यास पळणारा हाताच्या अंतरावर दिसला तरी उठता येत नाही. मागून 'खो' मिळाल्यावाचून उठला तर तो नियमभंग. येथे मुलाची दोन प्रकारे परीक्षा होते. बसलेल्याने धीर धरावयाचा. आणि धावणाऱ्याने मोह सोडावयाचा. "अजून दोन पावले धावलो तर गडी मीच बाद करीन" असे वाटत असता, ज्याचे तोंड योग्य दिशेस आहे त्यास खो देऊन आपण त्याच्या जागी खाली बसावयाचे. गडी बाद केल्याच्या टाळ्या त्यास मिळतात. खो देणाऱ्यास टाळी नसते. परंतु खेळ जाणणाऱ्याचा डोळा खो देणाऱ्यावरच असतो.

मातांनो, तुम्हांसही एक सांगावयाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. तेव्हा "मुलीस आता मैदानावर कशास पाठवावयाचे" हे बोलणे आपल्या घरांतून बंद झाले पाहिजे. आमच्या शाळेत मुलांपेक्षा मुली खो अचूक देत. धीर धरणे आणि जागा सोडणे त्यांस घरीच शिकविले जाते म्हणून असेल कदाचित. तसे असल्यास ते शिक्षण घरातल्या मुलांसही द्यावे.

आता एक जुनी गोष्ट, आणि तिच्या मागोमाग आमची स्वतःची.

पुण्यात गेल्या शतकाच्याही मागल्या शतकाच्या अखेरीस पाळवणकर बाळू नावाचे चर्मकार समाजातील एक तरुण इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. साहेबांस सरावासाठी चेंडू टाकणे हेही त्यांचेच काम. महिना चार रुपये. चेंडू टाकता टाकता त्यांचा हात असा तयार झाला, की तशी डावखुरी फिरकी दुसरीकडे मिळेना. पुण्याच्या हिंदू संघास युरोपियनांस हरवावयाचे होते, आणि बाळूंवाचून ते होणारे नव्हते. विरोध झाला, अखेर ईर्षेने संकोचावर मात केली व बाळूंस संघात घेतले. परंतु मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांस चाले, आणि चहाच्या वेळी मात्र त्यांस मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्याच सोबत्यांकडून, ज्यांस त्यांनी विजय मिळवून दिला होता!

पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांस हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली भारताचा संघ विलायतेस गेला. तेथे त्यांनी ११४ बळी घेतले. असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस मिळाले नाही. १९२० साली बाळूंस वगळले गेले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी अन्यायाचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल पाळवणकर यांस कर्णधार केले गेले, आणि त्याच वर्षी त्यांनी हिंदू संघास चौरंगी सामन्यांत विजयी केले. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने मराठीत आत्मकथनही लिहिले आहे.

या गोष्टीत संघाचा जय झाला, परंतु साथीचा जय होण्यास पंचवीस-तीस वर्षे लागली. जो गडी खेळात हवा पण पंगतीत नको, त्याला सोबती म्हणता येत नाही. त्याला आपण वापरून घेतलेले असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ते चौरंगी व पुढे पंचरंगी सामने जमातवार संघांचे होते: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि नंतर इतर. १९४६ साली ते बंद झाले. आज एखादा मुलगा महाराष्ट्राच्या संघात निवडला गेला, तर त्याच्या पंथाची चौकशी न करता सारा गाव फटाके लावतो. हे योग्यच झाले.

ही गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगणे सोपे. आता आमची.

फार वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत आम्ही खो-खोचा संघ तयार केला. त्यात एका सालदाराचा मुलगा होता. अंगाने किडकिडीत, परंतु खो देण्यात त्याचा हातखंडा, आणि बसलेला असता पुतळ्यासारखा स्थिर. तालुक्याच्या सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी आपल्याच ज्ञातीतील एक प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या घरी चहास आले. त्यांचा मुलगा संघात राखीव होता. ते फारसे काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरगा आपला आहे. लक्ष असू द्या."

दुसऱ्या दिवशी नऊ जणांत तो 'आपला' होता, आणि सालदाराचा मुलगा बाहेर. कोणी आम्हांवर जुलूम केला नव्हता. निवड आमची, लेखणी आमची. अंतिम सामन्यात तो मुलगा घाबरून खो मिळण्यापूर्वीच उठू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. शिट्टी वाजे आणि पळणारा सुटे. गडी बदलावा असे मनात आले. परंतु त्या गृहस्थांची नजर मैदानाच्या कडेस होती, आणि आमची हिंमत झाली नाही. थोडक्यात हरलो.

सामना संपल्यावर आम्ही जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या निवडलेल्या मुलाचा गुडघा सोलला होता व तो रडत होता. बाहेर ठेवलेला सालदाराचा मुलगा त्याच्याजवळ बसून आपल्या रुमालाने तो गुडघा बांधीत होता. सामनाभर तोच काठावरून नावे घेऊन सर्वांस सावध करीत होता. न खेळता त्या दिवशी संघात खेळलेला तो एकटाच. आणि तो रडणारा मुलगा मान वर करून आम्हांस म्हणाला, "गुरुजी, मला कशाला घेतले? त्याला घ्यायचे होते."

नऊ-दहा वर्षांच्या पोरास जे कळत होते, ते त्याच्या बापास आणि मास्तरास कळले नव्हते. पुढे सालदाराचा मुलगा सरावास येईनासा झाला. आखाजीस त्याच्या वडिलांचे साल संपले व ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. त्यास दोन शब्द सांगावयाचे राहून गेले. ते आज आपणांपुढे सांगत आहोत. आम्ही एकाच वेळी दोन मुलांचे नुकसान केले. एकाची जागा हिरावली, आणि दुसऱ्यास अशा जागी बसविले जेथे तो लाजला. 'आपल्या' मुलाचेही आम्ही भले केले नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे.

बंधूंनो, 'आपला' हा शब्द फार गोड आहे. त्याच शब्दावर हे मंडळ उभे आहे. अडीअडचणीत धावून जाणे, शिष्यवृत्ती देणे, सोयरीक जमविणे, ही त्या शब्दाची सत्कृत्ये होत. त्यांविषयी आम्हांस अभिमानच आहे. परंतु मैदानावर त्याचा अर्थ बदलतो. तेथे जो योग्य वेळी खो देतो तो आपला. आपण बाद होऊन बाहेर बसलो असता जो आपल्याला जिवंत करून आत आणतो तो आपला. ज्यास खरोखर जिंकावयाचे आहे, त्यास हा अर्थ पत्करावाच लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, की मुलाची जिंकण्याची इच्छा किती खरी आहे हे त्याच्या ओरडण्यावरून ओळखू नये. जिंकण्यासाठी तो आपला मान, आपली जागा आणि आपला पक्षपात किती सोडतो, यावरून ओळखावे. आणि हेच माप आईबापांस व मास्तरांसही लावावे.

पालकांस थोडके सांगून पुरे करतो. सामना चालू असता काठावरून पंचांस शिव्या देऊ नयेत. मुलगा नियम पंचांकडून शिकत असतो व वागणूक तुमच्याकडून. घरी आल्यावर "जिंकलास का?" हे प्रथम विचारू नये. "आज कोणास साथ दिलीस?" हे विचारावे, निकाल तो आपण होऊन सांगेल. आणि हरून आलेल्या मुलास त्या रात्री उपदेश करू नये. त्यास जेवू घालावे. आमच्या गुरुजींनीही शेंदुर्णीपर्यंत वाट पाहिली होती.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, पुढील वर्षापासून आपल्या संमेलनातील खेळांचे सामने गावातील सर्व समाजांच्या मुलामुलींस खुले करावेत, आणि संघ चिठ्ठ्या टाकून मिसळून पाडावेत. दुसरी, मुलींचा खो-खोचा सामना कार्यक्रमपत्रिकेत मुलांच्या बरोबरीने असावा. तिसरी, एक पारितोषिक उत्तम सोबत्यास द्यावे, आणि त्याची निवड पंचांनी वा पालकांनी न करता खेळलेल्या मुलांनीच मते देऊन करावी. मुलांस ते अचूक कळते, याचा दाखला आम्ही वर दिलाच आहे. त्या पारितोषिकासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी यथाशक्ति रक्कम देण्याचे आम्ही येथे कबूल करतो. त्यास आमचे नाव देऊ नये. नाव द्यावयाचेच झाले तर नुसते 'सोबती' एवढेच असावे.